शेऱ्याचा रकाना

आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा आल्या दिवशी त्याला स्वतंत्र खोली मिळाली. मला नोकरी लागून सात वर्षं झाली होती आणि माझं टेबल अजून जिन्याखाली होतं. वरून कुणी उतरलं की माझ्या टाईपरायटरवर माती पडायची. ती फुंकायची आणि पुढची ओळ टाईप करायची. कॉम्प्युटरवर मात्र मातीचा कण पडू नये म्हणून खोलीला काच बसवली, खाली लाल जाजम अंथरलं आणि दाराला पाटी लावली, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. त्या यंत्राविषयी माझ्या मनात अढी बसली ती तेव्हापासून. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढं कुणी मला निःपक्षपाती समजायला नको.

कचेरी कुठली ते सांगत नाही. धाराशिवातली होती, सरकारी होती, एवढं पुरे. काळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचा. पावसानं आमच्याकडं लागोपाठ पाठ फिरवलेली, त्यामुळं कचेरीत एकच शाखा भरभराटीला आलेली, ती म्हणजे टंचाई शाखा. कोणत्या गावाला पाण्याच्या टँकरच्या किती खेपा द्यायच्या याची यादी दर सोमवारी आमच्या शाखेतून निघायची. टँकर बहुतेक सहकारी दूध संघाचे. चारा संपला, जनावरं आटली, तेव्हा संघानं रिकामे टँकर पाण्याला लावले. कितीही धुतले तरी त्या पाण्याला आंबूस वास यायचा. पण नाक मुरडायची सवड कुणाला नव्हती.

शाखेत माणसं दोन. मी मराठी टंकलेखक, आणि माझ्यावर अव्वल कारकून. त्यांना सगळी कचेरी आप्पा म्हणायची. जळकोटकडचे लिंगायत. घरात कानडी बोलायचे, कचेरीत मराठी, निजामाच्या शाळेत शिकल्यामुळं उर्दू फाडफाड वाचायचे आणि चिडले की इंग्रजीत बोलायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आप्पांचं टंचाईचं रजिस्टर दोन हातांनी उचलावं लागे. त्यात गावाचं नाव, लोकसंख्या, विहिरी, खेपा असे रकाने होते आणि सगळ्यात शेवटी, सरकारी कागदावर असतो तसा, शेऱ्याचा रकाना. बाकीचे कारकून त्यात ‘निरंक’ लिहून मोकळे होत. आप्पांचा सगळा जीव त्या रकान्यात. जिल्ह्याचा खरा कारभार तिथं चालायचा.

एका गावापुढं लिहिलेलं असायचं, ‘विहीर ढासळली आहे, शाळेच्या हौदात ओतावे.’ अणदूरपुढं, ‘रविवारी खंडोबाला येणारी माणसे धरून एक खेप वाढवावी.’ हमरस्त्याकडच्या एका गावापुढं, ‘आतल्या रस्त्याने टँकर दोनदा कलंडला आहे, ड्रायव्हरने शहाणपणा करू नये.’ एका ठिकाणी तर अख्खा निकालच होता. ‘वाटेवरून दोन भावांत तंटा आहे. थोरल्यास विचारून जावे. धाकट्यास विचारू नये.’ हे सगळं मी जसंच्या तसं टाईप करायचो आणि ड्रायव्हर त्याप्रमाणं जायचे.

बेंबळीच्या पुढं आमचं गाव. त्याच्यापुढं लिहिलेलं असायचं, ‘नाल्यापलीकडील वस्तीवर एक खेप स्वतंत्र द्यावी.’

ती आमची वस्ती. बौद्धांची चाळीस घरं. टँकर गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि आमच्या बायकांनी नाला उतरून, चढून तिथं जायचं, गावाचं भरून होईपर्यंत लांब उन्हात थांबायचं आणि उरलं तर आणायचं. बहुतेक उरायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आप्पा पाहणीला आले होते तेव्हा माझ्या आईनं जीप अडवून त्यांना हे सांगितलं होतं. आप्पांनी काही आश्वासन दिलं नाही, फक्त कानावरची पेन्सिल काढली. पुढच्या सोमवारी ती ओळ शेऱ्यात आली आणि मंगळवारपासून टँकर नाला ओलांडून आमच्या दारात येऊ लागला. एका ओळीवर चाळीस घरं दोन उन्हाळे पाणी प्यायली. म्हणून आप्पांविषयी मी कधी वावगं बोललो नाही आणि आजही बोलणार नाही.

तर कॉम्प्युटर. तो नवा नव्हता. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीत नवा आला म्हणून तिथला जुना आमच्या वाट्याला आला, थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात तसा. त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात कुणीतरी गणपतीचं चित्र चिकटवलेलं होतं, ते निम्मं सोललेलं. सोबत पुण्याहून एक ऑपरेटर आला. तरुण, शांत, दिवसातून तीनदा आंघोळ करावी असं वाटणारा, आणि धाराशिवात एकदाही ज्याला ते जमलं नाही असा माणूस. यंत्र थंड राहावं म्हणून एसी मंजूर झाला होता, म्हणजे कागदावर येऊन पोचला होता. तो प्रत्यक्षात येईपर्यंत खिडकीत पाण्याचा मोठा कूलर बसवला. त्यानं खोली गार झाली, पण छपाईचा कागदही सादळला. प्रिंटर दर चार ओळींनी कागद गिळायचा आणि ऑपरेटर त्याच्या तोंडातून तो चिमट्यानं ओढून काढायचा.

कचेरीतल्या लोकांना मात्र विज्ञानाची ओढ लागली. बाहेर अंगाची लाही व्हायला लागली की सगळ्या शाखांना कॉम्प्युटरविषयी एकदम शंका यायच्या. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत जाजमावर मांडी घालून डबे खाणारे कारकून. ऑपरेटर म्हणायचा, ‘‘सर, प्लीज, इथं ठेचा नको.’’ त्याला हो म्हणायचे आणि ठेचा पुढं सरकवायचे.

कॉम्प्युटरला इंग्रजीच यायचं. आणि कारभार मराठीतच झाला पाहिजे असा शासनाचा आदेश. तेव्हा नवी पद्धत अशी ठरली. आप्पांनी रजिस्टरात मराठीत लिहायचं, ऑपरेटरनं ते इंग्रजीत कॉम्प्युटरला सांगायचं, कॉम्प्युटरनं ते इंग्रजीत छापायचं आणि मी ते पुन्हा मराठीत टाईप करायचं. मधल्या दोन पायऱ्यांना आधुनिकीकरण म्हणत. पूर्वी पाऊण तासात होणारी यादी आता सकाळी सुरू केली तर दुपारच्या चहाला हातात पडायची, तीही वीज गेली नाही तर.

पहिली यादी निघाली तेव्हा आप्पांनी चष्मा पुसून ती डावीकडून उजवीकडं वाचली आणि कागद उलटून मागं बघितलं.

‘‘शेरा कुठं आहे?’’

‘‘शेरा नाही सर,’’ ऑपरेटर म्हणाला. ‘‘एका ओळीत ऐंशी अक्षरं मावतात. खेपांपर्यंतच ती संपतात. आणि प्रोग्रॅम मुंबईचा आहे, मला बदलता येत नाही.’’

‘‘मग खाली हातानं लिहितो.’’

ऑपरेटरनं सोबत आलेलं परिपत्रक पुढं केलं. संगणकीय यादीत हाताने फेरफार करू नये, केल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल. आप्पांनी ते वाचलं आणि ‘अय्यो’ म्हणाले. आप्पांच्या चारही भाषांत मिळून याहून वाईट शब्द नव्हता.

त्या आठवड्यात जिल्ह्यानं जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. ढासळलेल्या विहिरीत ड्रायव्हरनं यादीबरहुकूम अख्खा टँकर ओतला आणि शाळेच्या हौदापाशी घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या गावानं पाणी जमिनीत जिरताना बघितलं. तिसऱ्यांदा टँकर कलंडला. धाकट्या भावाला विचारलं गेलं, मग थोरल्यानं वाटेत बैलगाडी आडवी लावली आणि पाणी दिवसभर दोघांच्या मधे उभं राहिलं. मी मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू. यंत्राची फजिती बघून मला दोन घास जास्त जात होते. आमच्या वस्तीचं त्या यादीत काय झालं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सात वर्षं जिन्याखाली बसलं की माणूस असा होतो.

गुरुवारी आई आली. बेंबळीहून एसटीनं, मग स्टँडवरून चालत. मी कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला गेलो होतो, तिथं शिपायानं तिला आणलं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. त्याच वेळी दुसरा शिपाई कूलरमध्ये पाणी ओतत होता. आईनं बादल्या मोजल्या. चार झाल्या.

‘‘ह्येला बी टँकर लागतो व्हय?’’

‘‘कूलर हाय त्यो, आई.’’

‘‘रोज पितो?’’

‘‘रोज.’’

‘‘मंग ह्येचं नाव यादीत वरच असंल.’’

मी तिला जिन्याखाली नेलं. तिनं सांगितलं ते असं की मंगळवारपासून टँकर नाल्याच्या अलीकडूनच परत जातोय. ड्रायव्हर म्हणतो, कागदात वस्ती नाही. बायका पुन्हा गावच्या विहिरीपाशी जाऊन थांबतात. काल थोरल्या वहिनीचा घागरीसकट नाल्यात पाय घसरला, खुबा दुखावलाय, उठता येत नाही. गावातल्या बाया म्हणाल्या, तुमचं तर येगळं येत होतं ना, आता कामून आलाव?

‘‘यादी कोन लिवतं?’’ आईनं विचारलं.

‘‘कॉम्प्युटर.’’

‘‘आन् तू काय करतोस?’’

‘‘त्येनं इंग्रजीत लिवलेलं म्या मराठीत करतो.’’

‘‘मंग मराठीत करताना आमाला घाल की.’’

मी तिला परिपत्रक समजावून सांगू लागलो. फेरफार, जबाबदारी, निश्चित. ती ऐकत होती आणि माझ्या टाईपरायटरवरची माती पदरानं पुसत होती. शेवटी ‘‘बरं’’ म्हणाली आणि चारच्या गाडीनं परत गेली. मला भयंकर लाज वाटली. आमच्या वस्तीत सरकारी पगार घेणारा मी पहिला. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मिरवायचो. आणि माझ्याच बोटांखालून जाणाऱ्या यादीत माझ्या आईला घागरभर पाणी नव्हतं.

सोमवारी यादीचा कागद टाईपरायटरवर चढवला. आमच्या गावाशी आलो आणि बोटं आपोआप पुढं गेली. ‘नाल्यापलीकडील वस्तीवर एक खेप’ एवढं उमटलं होतं, तेवढ्यात मागून हात आला आणि कागद सर्रकन ओढला गेला. आप्पा होते.

‘‘कॉम्प्युटरच्या यादीत हाय हे?’’

मी नकारार्थी मान हलवली.

‘‘तुझी वस्ती, तुझी आई, तुझं टायपिंग. तुझ्या नोकरीसकट पाणी जाईल लेका.’’ त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. ‘‘कागदानं गेलंय, कागदानंच आणू.’’

आप्पांनी रीतसर पत्र पाठवलं, ‘संगणकीय यादीत शेऱ्याचा रकाना वाढविणेबाबत’. दोन सोमवार कोरडे गेले. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं की प्रस्ताव सोबतच्या विहित नमुन्यात सादर करावा. नमुना कॉम्प्युटरवरच छापलेला होता. तळाला सूचना होती की बदल का हवा याचं कारण शेऱ्याच्या रकान्यात नमूद करावं. आम्ही दोघांनी तो नमुना उलटापालटा केला. त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. आप्पा इतके हसले की त्यांच्या कपाळावरच्या विभूतीच्या रेघा मोडल्या. मग चष्मा काढून डोळे पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरच्या जुन्या प्रिंटा घेऊन बसले. एकेक ओळ पेन्सिलीनं टोचत चालले होते. मधेच थांबले.

‘‘ह्यात मेलेली गावं बी हाईत की.’’

मी जाऊन बघितलं. काही गावांपुढं लोकसंख्या शून्य, खेपा शून्य. आप्पांनी मला समजावलं. कधी साथीनं, कधी दुष्काळानं, कधी रझाकारांच्याही कितीतरी आधी उठून गेलेली गावं असतात. माणूस राहत नाही, पण जमीन राहते, नाव राहतं, सरकारी नंबर राहतो. निजामाच्या कागदात त्यांना बेचिराग म्हणत. जिथं सांजेला दिवा लागत नाही असं गाव. मुंबईच्या माणसानं जिल्ह्याची अख्खी यादी कॉम्प्युटरला भरवली होती, त्यात जिवंत-मेली सगळी आली होती. आणि आमच्या गावाच्या लगेच खाली एक बेचिराग होतं.

तीन दिवस आप्पा जेवणाची सुट्टी अभिलेख कक्षात काढत होते. चौथ्या दिवशी कोळिष्टकं लागलेल्या टोपीनं वर आले आणि माझ्या टेबलावर कापडावर काढलेला एक नकाशा पसरला. वर उर्दूत लिहिलेलं. बोट ठेवून वाचू लागले.

‘‘हा नाला. अलीकडं तुझ्या गावाचं शिवार. पलीकडं हे बेचिराग. आता सांग, तुमची वस्ती कुठं?’’

‘‘पलीकडं.’’

‘‘मग तुम्ही त्या गावाचे न्हाईच. तुमचं गाव वेगळं. नंबर बी हाय त्याला.’’

मी त्या कापडाकडं बघत राहिलो. गावानं आम्हाला पिढ्यान्पिढ्या शिवेबाहेर ठेवलं होतं. ते काम किती काटेकोर झालं होतं हे मला तेव्हा कळलं. एक हातही आत येऊ दिला नव्हता. राग आला आणि हसूही आलं, आणि दोन्हीपैकी आधी काय आलं ते आता सांगता येत नाही.

लोकसंख्या दुरुस्त करायचा नमुना होता, तो आम्ही भरला. तलाठ्याचा दाखला जोडला, नकाशाची नक्कल जोडली, आप्पांनी उर्दूचं मराठी करून खाली सही केली. कचेरीच्या साहेबांची सही झाली. ऑपरेटरनं आकडा भरला. पण गाव ओसाड आहे की नांदतं हा रकाना मुंबईहून कुलूपबंद होता, त्याला हात लागेना. सोमवारी यादी आली. गाव ओसाड, लोकसंख्या एकशे साठ, खेपा एक. मी ती ओळ जशीच्या तशी मराठीत टाईप केली. आयुष्यात इतकी सुबक ओळ मी पुन्हा टाईप केली नाही.

आईला आधीच कार्ड टाकलं होतं. मंगळवारी ड्रायव्हर त्या नावाचं गाव विचारत फिरला. चावडीवर म्हणाले, तिथं कोण राहतंय, वेडा का काय? पण आई बायका घेऊन नाल्यापाशी रस्त्यात उभी होती. ड्रायव्हरनं नाव वाचलं, आई म्हणाली, ‘‘ह्येच त्ये.’’ टँकर नाला ओलांडून गेला.

महिनाभर सुरळीत चाललं आणि मग वरच्या कचेरीतून चौकशी आली. कॉम्प्युटर कधी नव्हे ते तत्पर झाला होता. ओसाड गावास पाणीपुरवठा कोणाच्या आदेशाने? पाणी कोण उचलते? तात्काळ खुलासा. आमची पाचावर धारण बसली. कागद खरा होता, पण वस्ती माझी होती. हे उघडं झालं तर खऱ्याचं खोटं व्हायला वेळ लागला नसता. माझी नोकरी, आप्पांचं दोन वर्षांनी मिळणारं पेन्शन, आणि सगळ्यात आधी ती खेप, सगळंच गेलं असतं. साहेब नवे होते, कमी बोलायचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जीप काढली. पुढं ते यादी घेऊन, मागं आप्पा नकाशा घेऊन आणि मी मांडीवर टाईपरायटर घेऊन. पंचनामा जागेवर करायचा होता. आईला कळवायला वेळच मिळाला नाही.

वस्तीवर पोचलो तर तलाठी आणि गावचे पोलीस पाटील आधीच येऊन उभे. नुकताच टँकर गेला होता, बायका घागरी उचलत होत्या. आई पुढं आली. तिनं साहेबांकडं बघितलं, आप्पांच्या हातातल्या नकाशाकडं बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडं. एवढंच. पदर सारखा करून तिनं साहेबांना हात जोडले. पुन्हा माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही.

साहेब यादी वाचत म्हणाले, ‘‘बाई, कॉम्प्युटर म्हणतो हे गाव ओसाड आहे.’’

‘‘व्हय साहेब. ह्याच ओसाडीत आमी ऱ्हातो. माझं लगीन झाल्यापासून हितंच हाय.’’

आप्पांनी बेचिराग म्हणजे काय ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, चाळीस घरं, दोरीवरची धुणी, कोंबड्या. मग गंभीरपणे विचारलं, ‘‘इथं संध्याकाळी दिवा लागतो का?’’

‘‘राकेल मिळालं तर लागतो.’’

तलाठ्याला हसू आलं ते त्यानं खोकून दाबलं. साहेब हसले नाहीत. आईनं तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्यापुढं धरलं. सगळी वस्ती थांबली. पाटील आपल्या पायांकडं बघू लागले. साहेबांनी तांब्या घेतला, वर धरून घटाघटा प्यायले आणि तोंड वाकडं केलं.

‘‘दुधाचा वास येतोय.’’

‘‘दूध समजूनच पितो आमी, साहेब.’’

मग ती माझ्याकडं वळली. तांब्या पुन्हा भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं केला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘टायपिस्ट साहेब, तुमी बी घ्या. लई उन्हाचं आलाव.’’

मी ‘‘द्या’’ म्हणालो. पुढं ‘बाई’ म्हणायला पाहिजे होतं, पण जीभ वळली नाही. माझ्याच घरचा तांब्या. त्याच्या काठाचा पोचा माझ्या हातूनच पडलेला. दोन घोट घेऊन तांब्या परत दिला. मग बाजेवर टाईपरायटर ठेवून मी पंचनामा टाईप केला. ‘सदर ओसाड गावात प्रत्यक्ष वस्ती आढळून आली.’ खाली पंच म्हणून पाटलांनी सही केली. नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती, चाळीस घरं समोर उभी होती.

परत येताना बेंबळी मागं पडली. मग साहेबांनी मान न वळवता विचारलं, ‘‘त्या बाई कोण होत्या?’’

आप्पांनी माझा गुडघा दाबला. मला कळलं की गप्प बसायचं आहे. पण माझ्याच्यानं झालं नाही. इतकं मन घट्ट करून माझ्यापुढं तांब्या धरणाऱ्या बाईला मी पुन्हा एकदा परकं करू शकत नव्हतो.

‘‘माझी आई आहे साहेब.’’

साहेबांनी हातातला पंचनामा चाळला.

‘‘पंचनाम्यात नात्याचा रकाना आहे?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘नाही साहेब.’’

‘‘मग राहू द्या.’’

खेप चालू राहिली. पंचनामा वर गेला, वरून पोच आली, दुरुस्ती आली नाही. पुढं तो कॉम्प्युटर जाऊन दुसरा आला, मग तिसरा आला, मराठी यायला लागलं, माझी टाईपरायटरची नोकरी मोडीत निघून मीही की-बोर्डवर बसलो. यादी मात्र जुन्यातून नव्यात जशीच्या तशी ओतली जायची. मी निवृत्त झालो त्या वर्षीही आमचं गाव कॉम्प्युटरात ओसाडच होतं. तोवर तिथं नळ आला होता.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. पंचनाम्यानंतर मी घरी गेलो. आई भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, जीपमधलंही. तिचा हात परातीतच थांबला.

‘‘सांगिटलंस? कामून? म्या येवढं नाटक केलं ते काय फुकट?’’

‘‘राहावलं न्हाय, आई. तू मला तुमी म्हनलीस. मला लई वाईट वाटलं.’’

‘‘वाईट?’’ तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. ‘‘सात वर्सं झाली तुला नोकरीला. त्यो पाटील अजून तुला ‘ए’ करूनच हाक मारतो. त्येच्या तोंडावर, समद्यांच्या म्होरं, तुला तुमी म्हनलं म्या. पानी द्यायचं निमित्तच व्हतं रं.’’

तिनं भाकरी उलटली आणि मला जेवायला बसायला सांगितलं.